फुकट छापून येणारे चेहरे : मुख्य निवडणूक आयुक्तांना खुले पत्र

मा. मुख्य निवडणूक आयुक्त यांस,
स. न. वि. वि.

माझ्या तक्रारीचे उत्तर परवा मिळाले, आभारी आहे. विधानसभेच्या प्रचारात आमच्याकडच्या दोन वर्तमानपत्रांत एकाच उमेदवाराची थोरवी एकाच दिवशी छापून आली. मथळे वेगळे, मजकूर तोच, शुद्धलेखनाच्या चुकांसकट! कात्रणे जोडली होती. उत्तर आले : पैसे दिल्याचा पुरावा नाही, सबब प्रकरण निकाली. साहेब, पेड न्यूजची, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातमीची, पावती कोण फाडतो?

मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती थेट मे २०२४ मध्ये उठली. लाल कांदा चाळीत टिकत नाही, मिळेल त्या भावाला द्यावाच लागतो. मजुरीसुद्धा अंगावर आली. सोसायटीचे कर्ज अजून फिटलेले नाही. प्रचारात चॅनेलवाले बाजार समितीत आले आणि विचारतात काय, 'मुख्यमंत्री कोण हवा?' म्हटलं, आधी कांद्याला भाव काय ते विचारा. ते कापलं. रात्री तासभर नेत्याचं हेलिकॉप्टर उतरताना दाखवलं.

हे आजचे नाही. २००९ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची थोरवी गाणारे 'अशोकपर्व' गाजले. एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत तोच मजकूर, आणि उमेदवाराच्या हिशेबात वर्तमानपत्री जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये! तुमच्या आयोगाने २०१४ मध्ये नोटीस काढली, ती दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. पेड न्यूज हा गुन्हा ठरवा, असे विधी आयोगाने २०१५ मध्ये सांगितले. पुढे काय झाले?

जून २०२३ मध्ये तर शिंदेंच्या शिवसेनेच्या पानभर जाहिरातीत सर्वेक्षण : मुख्यमंत्री म्हणून शिंदे २६.१ टक्के, फडणवीस २३.२ टक्के. दशांशापर्यंत मोजलेली लोकप्रियता! मित्रपक्ष भाजप रुसला, दुसऱ्या दिवशी नवी जाहिरात, चेहरे वाढवून. कांद्याचा भाव कोणी इतका बारीक मोजला?

विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, पक्षाला मर्यादाच नाही. एका मतदारसंघाचा खरा खर्च आमच्या चावडीवर कोणी दहा कोटी सांगतो, कोणी पंचवीस. तुमच्या दप्तरी मात्र सगळे काटकसरी.

मागणी साधी आहे. तोच मजकूर दोन ठिकाणी दिसला, की तो जाहिरात धरून उमेदवाराच्या खर्चात घाला. नसेल तर त्याने सिद्ध करावे. पण तुम्ही कराल, अशी आशा कशावर ठेवू? तुमची नेमणूक करणाऱ्या समितीत पंतप्रधान, त्यांचाच एक मंत्री आणि विरोधी पक्षनेता. २०२३ च्या कायद्याने सरन्यायाधीशांना जागाच ठेवली नाही. दोन विरुद्ध एक. ज्यांचे चेहरे छापून येतात त्यांनीच नेमलेल्या माणसाकडे त्यांची तक्रार करायची, ही पद्धत बसवली कोणी?

आपला,
एक कांदा उत्पादक, ता. निफाड, जि. नाशिक