चेंबरचा नट आणि जळकं ऑइल

महोदय,

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली. त्याआधी अठ्ठावीस वर्षं हातात पाना होता, म्हणून हे पत्र जरा हक्काने लिहितो आहे. विषय गाडीच्या ऑइल चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, बुडाला असलेल्या एका नटाचा आहे. जुनं तेल सोडायला तोच काढतात.

गेल्या दिवाळीत आम्ही मुलीकडे पुण्याला निघालो होतो. आठच दिवस आधी एका गॅरेजमध्ये गाडीचं ऑइल बदलून घेतलं होतं. गुडघे दुखतात, गाडीखाली शिरवत नाही, म्हणून काम बाहेर दिलं. पेठ नाक्याच्या अलीकडे ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी तिथल्या तिथे कडेला घेऊन इंजिन बंद केलं. खाली वाकून पाहतो तर नटातून धार लागलेली. तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, तिच्या टोकालाही तेल नव्हतं. हा दिवा तेल कमी झालं की लागतो, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात तो तेलाचा दाब गेल्यावर लागतो, म्हणजे तोवर चेंबर रिकामा होत आलेला असतो. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ म्हणणाऱ्यांची इंजिनं जाम झालेली मी पाहिली आहेत. लाल दिवा दिसला की गाडी थांबवा, एवढं तरी वाचकांनी लक्षात ठेवावं.

गाडी ओढून सांगलीला आणली. नट बोटांनीच निघाला. त्याच्या आट्यांत चेंबरच्या ॲल्युमिनियमची चकचकीत तार स्प्रिंगसारखी गुंडाळून आली होती. पान्याला पाइप लावून नट आवळला की हेच होतं. नट पोलादाचा आणि चेंबर मऊ, म्हणून आटे चेंबरचे जातात. बहुतेक छोट्या गाड्यांच्या या नटाला ३० ते ४० न्यूटन मीटरच्या आसपास ताण पुरतो, म्हणजे आखूड पाना एका हाताने बेताने ओढायचा. तेल अडवायचं काम वायसरचं असतं. तो दर वेळी नवा घालायचा, पण काही ठिकाणी दबून चपटा झालेला जुनाच पुन्हा घालतात. मग थेंब येतो, थेंब आला की आणखी आवळतात, आणि कधीतरी आटे जातात. पाच-दहा रुपयांच्या वायसरपायी गिऱ्हाइकाच्या इंजिनाशी खेळ होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी, बसवून चेंबर वाचवला आणि नटाच्या जागी ड्रेन व्हॉल्व्ह, म्हणजे तेल सोडायचा छोटा नळ, लावला. वस्तू नवी नाही. जपानमध्ये फुमोटो कंपनी १९७६ पासून असे व्हॉल्व्ह बनवते आहे, आपल्याकडे मात्र गॅरेजवाल्यांनाही तो फारसा माहीत नाही. पितळी नळकांड्यात भोक पाडलेली एक गोळी असते. दांडी पाव फेरा फिरवली की भोक सरळ रेषेत येतं आणि तेल वाहू लागतं. खड्ड्यांच्या हादऱ्याने दांडी आपोआप फिरेल ही भीती मलाही होती, पण ती खाचेत बसलेली असते. आधी दाबून खाचेतून बाहेर काढल्याशिवाय फिरत नाही. शिवाय वरून क्लिप लावता येते. एकदा बसवला की दर वर्षी आटे उघडायचे, वायसर बदलायचा, हा प्रश्नच उरत नाही.

पण डोळे झाकून कोणी बसवू नये. आपल्या नटाच्या आट्याचं माप आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, तपासूनच व्हॉल्व्ह घ्यावा. चेंबरच्या खाली तो किती लोंबतो ते गाडी सपाट जागी उभी करून पाहावं, कारण आपल्याकडचे गतिरोधक कोणी मोजून बांधत नाही. ज्या गाडीचा नट आडवा, बाजूला तोंड करून असतो तिथे हा धोका कमी. नट थेट खाली तोंड करून असेल आणि गाडी बुटकी असेल, तर बसवूच नये असं माझं मत आहे. गाडी गॅरंटीत असेल तर आधी कंपनीच्या वर्कशॉपला विचारावं. व्हॉल्व्ह पितळेचा असल्याने त्यालाही बेतानेच आवळायचं. त्याचं भोक लहान, त्यामुळे तेल सावकाश उतरतं, आणि तळाशी थोडा गाळ राहतो. म्हणून चार-पाच वर्षांतून एकदा तो पूर्ण काढून चेंबर निथळू द्यावा. ऑइल फिल्टर दर वेळी बदलायचाच, ते काम व्हॉल्व्हने वाचत नाही.

परवा नववीतल्या नातीने माझ्या देखरेखीखाली ऑइल बदललं. पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या. इंजिन कोमट होतं, उकळतं नव्हे. व्हॉल्व्हच्या तोंडाला प्लॅस्टिकची नळी लावून दुसरं टोक कॅनमध्ये सोडलं. तिने पडल्या पडल्या हात घालून दोन बोटांनी दांडी फिरवली आणि काळी धार नळीतून मुकाट उतरायला लागली. वीस मिनिटं लागली. फरशीवर एक डाग नाही. ‘आजोबा, एवढंच?’ म्हणाली.

एवढंच नाही, खरं काम पुढे आहे. नट काढून पराती लावतात तेव्हा थोडंफार तेल मातीत जातं. उरलेलं कुठे जातं ते आपण सगळे पाहतो: सेंट्रिंगच्या प्लेटांना, वाळवी लागू नये म्हणून लाकडांना, नाहीतर सरळ गटारात. सांगलीत गटार म्हटलं की शेरीनाला आणि शेरीनाला म्हटलं की कृष्णा, हे इथल्या माणसाला समजावून सांगायला नको. तेच पाणी आपण पितो. वापरलेलं ऑइल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून तर त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. नियम आहेत, पण घरी ऑइल बदलणाऱ्या माणसाने भरलेला कॅन हातात घेऊन जायचं कुठे?

भंगारवाला घ्यायला तयार आहे. तो पुढे कोणाला देतो, हे विचारल्यावर त्याने हात हलवला. म्हणून मी दिलं नाही. कुपवाडला एमआयडीसी आहे, गावभर गॅरेजं आहेत. महापालिकेने आठवड्यातून एक दिवस का होईना, एका ठिकाणी पिंप ठेवून जळकं ऑइल जमा करावं आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवावं. माझ्या पोर्चमध्ये झाकणं घट्ट लावलेले तीन कॅन उभे आहेत. माझा एक, शेजाऱ्यांचे दोन, मिळून नऊ लिटरच्या आसपास. ते कुठे नेऊन द्यायचे, हे संबंधितांनी आपल्या अंकातून कळवावं. मी स्वतः नेऊन देईन.

— एक निवृत्त एसटी मेकॅनिक, विश्रामबाग, सांगली