रापणीच्या तांडेलकाकांना

तांडेलकाका,

सप्रेम नमस्कार.

समोर बोललो असतो तर तुम्ही मला अर्ध्यावरच गप्प केलं असतंत, म्हणून सगळ्यांच्या देखत लिहितोय. रापणीत आलेला व्हेल शार्क मासा तुम्ही सोडलात, त्याबद्दल मनापासून आभार. व्हिडिओ मुंबईतल्या चाकरमान्यांपर्यंत पोचलाय. त्यात ठिपक्याठिपक्यांचा अजस्र मासा दिसतो, आरडाओरडा ऐकू येतो. फाटक्या जाळ्यातून निघून गेलेले बांगडे मात्र कुणाला दिसत नाहीत.

मालवण-वेंगुर्ल्याकडची रापण ज्यांनी पाहिली नाही, त्यांना हे कळायचंही नाही. होडीने जाळ्याचा वेढा टाकायचा, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून वाडीने मिळून ओढायचे, आलेल्या मासळीचे वाटे करायचे. जाळं कापलं की दोराला हात लावलेल्या प्रत्येकाचा वाटा जातो. पाट्या घेऊन थांबलेल्या बायांचा बाजारही जातो. त्यात पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी आणि एलईडी दिवे लावून मासे पकडणाऱ्यांनी ओरबाडल्यावर किनाऱ्याला येतं तरी किती! त्या दिवशी कधी नव्हे ते जाळं जड लागत होतं. तरी तुम्ही म्हणालात, "कापा जाळा. मागसून बघूया."

कुणी एक शब्द काढला नाही. आपल्या वाडीत हे नवलच.

पोरं शेपटीला दोर बांधायला धावली तेव्हा तुम्ही केवढ्यांदा ओरडलात! शेपटीने मागे ओढलं तर त्याला इजा होते, हे आता मीही विसरणार नाही. तुम्ही होडी बाजूला घेतलीत, कल्ल्यांपाशी गुंतलेलं जाळं आधी सोडवायला लावलंत, मग बाकीचं चिरलंत. एवढ्या धांदलीत तुमचा हात कुठेही घाईत चालला नाही.

हा जगातला सगळ्यांत मोठा मासा. बारा मीटरच्याही पुढे वाढतो आणि खातो काय, तर प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, आणि बारीकसारीक मासळी. वयात यायलाच त्याला पंचवीसेक वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात, म्हणून एक मोठा मासा मेला तर ती तूट लवकर भरत नाही. गुजरातेत वेरावळच्या बाजूला एके काळी यकृताच्या तेलासाठी त्याची शिकार चालायची. 2001 मध्ये त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं, म्हणजे वाघाच्या पंगतीत. पुढे तिथल्याच मच्छीमारांनी जाळी कापून असे शेकडो मासे सोडले. कायदा कागदावर असतो. भर समुद्रात सुरी तांडेलाच्या हातात असते.

आपल्याकडेही 2018 च्या डिसेंबरपासून मत्स्यव्यवसाय विभाग आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाची योजना आहे. संरक्षित जीव सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी जास्तीत जास्त 25 हजार रुपये मिळतात. योजना चांगलीच आहे, पण गेलेल्या बांगड्यांचा हिशेब त्यात कुठे धरलाय? तो धरला पाहिजे, असं माझं मत.

तुम्ही अर्जाचं टाळाल हे मला माहीत आहे. पुराव्याला फोटो-व्हिडिओ लागतात, ते मी काढून ठेवलेत. रविवारी सकाळी कागद घेऊन येतो, फक्त सही करा. दुपारी जाळं शिवायला बसाल तेव्हा मलाही सुई द्या. येत नाही मला, पण शिकेन.

तुमचा,
दोर ओढणाऱ्यांतला एक