वाचकाला अडवण्याऐवजी जाहिरात सुधारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-साताऱ्याच्या बातम्या देणाऱ्या काही संकेतस्थळांवर हल्ली बातमी उघडली की पाटी येते : ‘ॲडब्लॉकर (जाहिराती अडवणारे साधन) बंद करा, मगच वाचा.’ चालकांची अडचण खरी आहे. बातमीदाराचे मानधन आणि सर्व्हरचे भाडे जाहिरातीवरच भागते. पण या पाटीने उत्पन्न फारसे वाढत नाही, वाचक मात्र जातो.

आपल्याकडचा वाचक मुख्यतः मोबाइलवर वाचतो. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्लॉकरसारखी जोडसोय, बसत नाही. त्यामुळे तिथे जाहिराती अडतात त्या बहुधा दोन वाटांनी : जाहिराती स्वतःच गाळणारा ब्रेव्हसारखा ब्राउझर, नाहीतर ‘प्रायव्हेट डीएनएस’, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारी सेवा आपण निवडण्याची सोय. ही दुसरी सोय अँड्रॉइड ९ पासून फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्येच मिळते. जाहिराती गाळणाऱ्या सेवेचा पत्ता तिथे एकदा भरला, की जाहिरात कंपन्यांच्या सर्व्हरचा ठावठिकाणाच फोनला लागत नाही. त्या सेटिंगमध्ये एखाद्या संकेतस्थळापुरती सूट देता येत नाही. म्हणजे ‘आमच्यापुरते बंद करा’ हे वाचकाने मनावर घेतले, तरी त्याला सगळ्या फोनवरची चाळण काढावी लागते. एवढे कोण करणार?

शिवाय ही पाटी चुकतेही. तिची स्क्रिप्ट (पानातला छोटा प्रोग्रॅम) जाहिरातीसारखी दिसणारी एक फाइल मागवते. ती आली नाही, तर ब्लॉकर आहे असे धरते. जत-आटपाडीकडच्या एखाद्या वाडीवर रेंज कमी असली की फाइल वेळेत येत नाही आणि ज्याच्याकडे ब्लॉकरच नाही, तोही परत फिरतो.

आता पैसे. समजा, पान हजार वेळा उघडले की ४० रुपये पडतात आणि महिन्यात ते दोन लाख वेळा उघडते. झाले ८,००० रुपये. ३० टक्के वेळा जाहिरात अडली तर उरले ५,६००. ॲडसेन्स या गूगलच्या जाहिरातसेवेची रक्कम १०० डॉलर जमल्याखेरीज बँकेत येत नाही आणि ५,६०० रुपये त्याहून कमीच, म्हणजे दोन महिने वाट पाहायची. जाहिरातदार मोजतो त्यातला मोठा वाटा मध्यस्थांकडेच राहतो. ‘इस्बा’ या ब्रिटनमधील जाहिरातदारांच्या संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत प्रकाशकांच्या हाती ५१ टक्केच पडल्याचे आणि १५ टक्क्यांचा हिशेबच लागत नसल्याचे दिसले.

हीच जागा थेट विकावी. गणपती पेठेतला व्यापारी, तासगावचा बेदाणावाला, द्राक्षबागेची औषधे ठेवणारे कृषी सेवा केंद्र अशा पाच जणांनी महिना २,००० रुपये दिले, तरी १०,००० होतात आणि मध्ये कोणी नाही. ही जाहिरात साधे चित्र म्हणून संकेतस्थळाच्याच सर्व्हरवरून द्यावी, म्हणजे डीएनएसची चाळण तिला लागत नाही. एक गोष्ट मात्र हमखास चुकते. ब्राउझरमधले ब्लॉकर ‘इझीलिस्ट’सारख्या नियमांच्या याद्यांवर चालतात. चित्र ‘ॲड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये असेल, फाइलच्या नावात ‘बॅनर’ किंवा ३००×२५० असे माप असेल, तर अशा एखाद्या नियमात सापडून ते गायब होते. दुकानदार हौसेने फोन उघडतो आणि जागा कोरी दिसते. फाइलला दुकानाचेच नाव द्यावे. मात्र यात लपवाछपवी नको : चित्राच्या वर ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहावे, दुव्याच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ (पैसे घेऊन दिलेला) ही खूण लावावी, वाचकाचा माग काढणारी कोणतीही स्क्रिप्ट जोडू नये. चित्र ६० केबीच्या आत बसवावे. चित्र किती वेळा दिसले, किती जणांनी दुकानाच्या फोन नंबरच्या दुव्यावर बोट ठेवले, हा आकडा महिनाअखेरीस दुकानदाराला द्यावा. पुढच्या महिन्याचे पैसे त्यावरच येतात.

ॲडसेन्ससारख्या नेटवर्कच्या जाहिराती ठेवायच्याच असतील, तर मोबाइलवर मजकुराच्या पट्ट्यात त्यांची उंची ३० टक्क्यांच्या आत हवी. त्रासदायक जाहिराती टाळण्यासाठीच्या ‘बेटर ॲड्स’ मानकांची ती मर्यादा आहे आणि ती सतत मोडणाऱ्या संकेतस्थळांच्या जाहिराती क्रोम २०१८ पासून स्वतःच गाळते. जाहिरातीची जागा पान उघडतानाच राखून ठेवावी. नाहीतर ती उशिरा येते, मजकूर खाली ढकलला जातो आणि बातमीवर टेकणारा अंगठा जाहिरातीवर पडतो. असे चुकून झालेले क्लिक गूगल अवैध धरून वजा करते.

कृष्णेला पाणी चढते तेव्हा तर हे फार जाणवते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. अशा रात्री वीज नसते, बॅटरी संपत आलेली असते आणि माणूस तेवढा आकडा व कोयनेचा विसर्ग पाहायला पान उघडतो. तिथे आधी आपोआप वाजणारा व्हिडिओ लागावा, हे मला अक्षम्य वाटते. पूरपातळीच्या पानावर एकही जाहिरात नको, आणि ते आताच वेगळे करून ठेवावे.

वाचकांनाही सांगायचे आहे. जे संकेतस्थळ नीट वागते, त्याला सूट जरूर द्या. ब्रेव्हमध्ये पत्त्याच्या पट्टीतल्या सिंहाच्या चिन्हावरून त्या संकेतस्थळापुरते ‘शील्ड्स’, म्हणजे जाहिराती गाळणारी चाळण, बंद होतात. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हा ब्लॉकर असेल, तर त्यातले मोठे पॉवरचे बटण दाबून पान पुन्हा उघडावे. पण मदत म्हणून नेटवर्कच्या जाहिरातींवर मुद्दाम क्लिक करत बसू नका. ॲडसेन्स तसे क्लिक पकडते, जाहिरातदाराचे पैसे परत करते आणि प्रकार वाढला तर त्या संकेतस्थळाचे खातेच बंद करते.

आपला,
संकेतस्थळ बांधणीच्या व्यवसायातील एक वाचक,
विश्रामबाग, सांगली