पंटरलाही एक ओळ द्या की

मा. संपादक,

सुपर बॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, झाली की तुमच्या क्रीडापानावर क्वार्टरबॅकचा (बॉल फेकणाऱ्या हिरोचा) फोटो आणि हाफटाइमला कोण गायलं एवढंच येतं. पंटरबद्दल कधी काही छापलंय का तुम्ही?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, तीन फुकट गेले की चौथ्याला बरेचदा टीम रिस्क घेत नाही, पंटर आत येतो, हातातला बॉल सोडून तो जमिनीला लागायच्या आत अशी लाथ (तिलाच पंट म्हणतात) घालतो की समोरच्यांना पार मागून सुरुवात करावी लागते. म्हणजे हा मैदानात येतो तोच मुळी आपली टीम अडकल्यावर, मग कोण लक्ष देणार त्याच्याकडे!

रे गाय नावाचा पंटर घ्या. 1973 मध्ये ओकलंड रेडर्सनी त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेच्या, पहिल्याच राउंडमध्ये उचलला, पंटरवर पहिला राउंड कोणी घालवतं का हो, आजही सहसा कोणी घालवत नाही. तो 1986 पर्यंत 14 सीझन खेळला, तीन सुपर बॉल जिंकला. 1976 च्या प्रो बॉलमध्ये (निवडक स्टार खेळाडूंची मॅच) ह्याचा पंट न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये वर टांगलेल्या स्क्रीनला जाऊन लागला, स्क्रीन वर घ्यावी लागली! आणि जानेवारी 1984 च्या सुपर बॉलमध्ये स्नॅप, म्हणजे पंटरकडे मागे फेकलेला बॉल, डोक्यावरून चालला होता, तर पठ्ठ्याने उडी मारून एका हाताने पकडला आणि वर पंटही मारला.

तरी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, त्याला घेतलं कधी, तर 2014 मध्ये. निव्वळ पंटर म्हणून आत गेलेला तो पहिलाच. विरोध करणारे त्याची एका पंटमागची सरासरी दाखवायचे, 42.4 यार्ड, आणि आजचे पंटर 45 च्या पुढे सहज मारतात हे खरंय, पण बॉल हवेत किती वेळ राहिला ते त्या आकड्यात कुठे दिसतं? बॉल लांब गेला आणि लवकर खाली आला तर समोरचा तो घेऊन मोकळ्या जागेत पळत सुटतो. गायचा बॉल इतका वेळ वर राहायचा की तोवर रेडर्सची पोरं खाली पोचलेली असायची. माझ्या मते तिथेच सगळी गेम आहे.

त्यात 2011 मध्ये दिवाळखोरीमुळे सुपर बॉल जिंकल्यावर मिळणाऱ्या त्याच्या तिन्ही अंगठ्या लिलावात गेल्या, म्हणजे हॉलने दार उघडलं तेव्हा अंगठ्या हातात नव्हत्याच. 2022 मध्ये तो गेला, मराठी पेपरात मला तरी कुठे बातमी दिसली नाही.

तर पुढच्या फेब्रुवारीत स्कोअरच्या खाली दोन्ही पंटरांची सरासरी आणि समोरच्यांना त्यांच्याच गोललाइनपासून 20 यार्डांच्या आत किती वेळा कोंडलं एवढी एक ओळ टाका, हाफटाइमचा फोटो थोडा बारीक केलात की जागा निघेल.

एक वाचक, डोंबिवली