प्रिय बंड्या, स्टोन्सच्या म्हाताऱ्यांबद्दल

प्रिय बंड्या,

दिवाळीचा फोन म्हणजे पत्र नव्हे, हे मला माहीत आहे. शिव्या राखून ठेव. तब्येत ठीक, शुगर काबूत, गुडघा आहे तसाच.

रोलिंग स्टोन्सचा २०२३ चा अल्बम 'हॅकनी डायमंड्स' ऐकलास का? २००५ नंतर पहिल्यांदा स्वतःची नवी गाणी. मधे २०१६ ला ब्लूजची रेकॉर्ड काढली, पण ती सगळी दुसऱ्यांची गाणी. मला हा अल्बम पहिल्याच फेरीत आवडला आणि तिथेच पंचाईत झाली, कारण मग हौसेने परीक्षणं वाचायला बसलो. लंडनच्या पेपरांत तारेच तारे, 'कित्येक वर्षांतला सर्वोत्तम' वगैरे. अरे, १९७८ च्या 'सम गर्ल्स'पासून यांची कुठलीही रेकॉर्ड आली की हे वाक्य हजर! छापखान्यात खिळे जुळवूनच ठेवलेले असणार. तिकडे अमेरिकेत पिचफोर्क या संगीताच्या वेबसाइटने सोलून काढलंय. जावईबापूंनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. चेहरा पाडलेला, आतून खूश.

शिव्यांचं काही नाही रे, स्टोन्सवाल्यांना त्याची सवय आहे. मला खुपतंय ते कौतुक. जो तो आधी गायक मिक जॅगरचं तेव्हाचं वय लिहितो, ८०, मग आवाज कसा टिकलाय याचं नवल करतो. हे परीक्षण की सत्काराचं भाषण? गाणं बरं आहे का ते सांगा ना! आणि मग रात्री वाटतं, मला तरी गाणं आवडलं, की ऐंशीतला माणूस अजून ओरडू शकतो याचा दिलासा? आपणही काही कोवळे नाही आता. बायकोला विचारलं, तर म्हणाली आवाज कमी करा.

म्हणून तुझे कान हवेत. तू आधी ड्रम्स धरशील. त्यांचा जुना ड्रमर चार्ली वॉट्स दोनच गाण्यांत आहे, वारण्याआधी वाजवून ठेवलेला. बाकी स्टीव्ह जॉर्डन. तबलजी बदलला की ठुमरी बदलते, असं तू कॅन्टीनचं टेबल बडवून सांगायचास. चार्लीच्या त्यातल्या एका गाण्यात त्यांचा जुना बेसवाला बिल वायमनही परत आलाय, ते लागलं की तू फुशारशील. पण गिटारवाला कीथ एकटा गातो ते ऐक, मग बोल.

रागावलेल्यांचा बराच राग अँड्र्यू वॉट या निर्मात्यावर आहे, आणि तिथे मला त्यांचं पटतं. सगळं फार घासूनपुसून चकचकीत. एका गाण्यात बीटल्सचा मॅकार्टनीच बेसवर, एका लांबलचक गॉस्पेलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या भजनाच्या ढंगाच्या गाण्यात, लेडी गागा आणि स्टीव्ही वंडर, म्हणजे पाहुण्यांची पंगतच. मात्र अगदी शेवटी जुन्या ब्लूजवाल्या मडी वॉटर्सचं ते गाणं, ज्यावरून बँडचं नाव पडलं. मिक, कीथ, गिटार, माउथ ऑर्गन, बस्स. तिथे मी कोणाचेच तारे मोजले नाहीत.

२००३ ला मुंबईत ब्रेबर्न स्टेडियमवर स्टोन्सच्या कार्यक्रमाला तू आला नाहीस. ऑडिट म्हणे! तेव्हा चार्ली समोर वाजवत होता, हलकटा.

वहिनींचं मोतीबिंदूचं नीट झालं ना? मंजूच्या लग्नाचा हॉल ठरला की कळव, आम्ही दोघं येतोच. पण आधी अल्बम ऐक, हेडफोन लावून, आणि मिकचं वय एकदाही न लिहिता मला कळव. नुसता अंगठा पाठवलास तर ब्लॉक करीन.

तुझा,
दिलप्या