तुमच्या खांबावरची खूण

लातूर,
१२ जून

प्रिय दोस्ता,

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू दर वाक्याला "बरं, मग?" करतोस आणि मला जे कबूल करायचंय ते घशातच राहतं. म्हणून वही फाडून बसलोय. नीट बसून वाच, मधे चहाला उठू नकोस.

तुमच्या माळवदाचं, त्या मातीच्या सपाट छताचं, लाकूड मी शेवटी बाहेर काढलं. गोठ्यामागं पत्र्याखाली तीस वर्षं पडून होतं. तुझे अण्णा पुण्याला निघताना बाबांना म्हणाले होते, "असू द्या तुमच्याकडं, पुढच्या साली गाडी लावून घेऊन जाऊ." ती गाडी काही आली नाही. बाबा असेपर्यंत त्या ढिगाला कुणी हात लावायचा नाही, अशी घरात ताकीदच होती. सरपण संपलं तरी तिकडं बघायचं नाही. गेल्या दिवाळीत तू म्हणालास, "अरे, सडून जाईल, काहीतरी कर त्याचं." मग उन्हाळ्यात हात घातला.

मोजदाद आधी सांगतो. ४ खांब, २ तुळया, आणि किलचांचा, मातीखाली अंथरायच्या बारीक काटक्यांचा, एक भारा. किलचांचं काही खरं नाही, अर्ध्या तर हातात धरल्या की भुगा. खांबांना सालीकडच्या पांढऱ्या भागात वाळवी लागली होती, पण गाभ्याला तिनं तोंड लावलेलं नाही. सागाचं हे असंच असतं म्हणे, वरचा पांढरा भाग किडीला गोड आणि आतलं तपकिरी लाकूड तिला नकोसं. किनवटच्या जंगलातलं आहे असं तुझे आजोबा सांगायचे. खरं-खोटं काय की बाबा, पण रंधा मारल्यावर जो वास आला ना, त्यावरून म्हाताऱ्यानं थाप मारली असेल असं वाटत नाही.

तुला वाटेल, ह्याला हे सुतारकामाचं खूळ कुठून लागलं? सुरुवात बाबांच्या आरामखुर्चीपासून झाली. पाय लटलटत होते म्हणून मी शहाण्यासारखं सांध्यांत फेव्हिकॉल ओतलं, दोरीनं आवळलं आणि वाट बघितली. आठ दिवसांत परत लटलट. नंतर कळलं की ती खुर्ची मुळात सरसानं जोडलेली होती. फेव्हिकॉल आलं १९५९ साली, त्याआधी सगळे सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस उकळूनच वापरायचे. जुन्या सरसाच्या थरावर फेव्हिकॉल नीट धरतच नाही. गंमत म्हणजे सरस गरम पाण्याच्या फडक्यानं सुटतो. सांधा न मोडता खुर्ची सुटी करायची, खरवडून साफ करायची आणि परत जोडायची. म्हणजे ज्यानं ती केली त्यानं दुरुस्तीची वाट ठेवूनच केली होती. मी मात्र त्यात फेव्हिकॉल ओतून ती वाट बुजवली. दोन सांधे शेवटी पटाशीनं फोडावेच लागले.

तर खांब. आधी वखारीत नेले चिरायला. वखारवाल्यानं लांबूनच हात हलवला, "घराचं लाकूड? खिळ्याचं असतंय ते, आमचं पातं जातंय." त्याचंही बरोबर होतं. घरी येऊन एका फुटक्या स्पीकरचा लोहचुंबक काढला आणि लाकडावरून इंच इंच फिरवला. एका खांबात १९ खिळे! सगळे लोहारानं घडवलेले, चौकोनी, डोकं ठोकून चपटं केलेले. कंदील, शिंकं, पाळण्याची दोरी, कशाकशाला मारले असतील. जंबुरानं ओढताना किंचाळल्यासारखा आवाज करत बाहेर यायचे. एक आत तुटून राहिला आणि मला कळलंच नाही. भाड्यानं आणलेल्या रंधा मशीनचं पातं त्यानंच खाल्लं. ज्याचं मशीन होतं त्यानं काय काय ऐकवलं ते लिहीत नाही, तुझी पोरं पत्र वाचतील.

आता कबुलीजबाब.

पहिला खांब घेतला तेव्हा मी घाईत होतो. वर काजळीचा जाड थर, चुलीजवळचा असणार. मशीन नवं नवं हातात आलेलं, चारही बाजू सरासरा काढल्या. आतून सोन्यासारखा रंग निघाला. बायकोला, आईला, शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. दुसरा खांब घेतला आणि त्याच्या डोक्याजवळ, कुसवाच्या (तुळईच्या भोकात बसणाऱ्या टोकाच्या) खाली बोटभर, पटाशीनं मारलेल्या तीन आडव्या रेघा दिसल्या. वाटलं, कुणीतरी चाळा केलाय. तिसऱ्यावर फुली. चौथ्यावर त्रिकोण. तेव्हा कुठं पोटात गोळा आला.

गंजगोलाईच्या पलीकडं एक म्हातारे मिस्त्री बसतात, त्यांच्याकडं फोटो घेऊन गेलो. ते चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "ह्या खुणा हायत. आदी सगळं भुईवर बसवून बगायचं. कुटला कुसू कुटल्या भोकात बरोबर जातो ते ठरलं की खूण मारायची, मग सुटं करायचं आन् उबं करायचं. प्रत्येक कुसू येगळा असतो, मास्तर. ह्याचा त्याला बसत नाही." मग माझ्याकडं बघून, "चौथी खूण कुटंय?"

मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. विडी पेटवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लेका, तुला ती रात्र आठवते तेवढी मलाही आठवते. गणपती बोळवून आपण उशिरा झोपलो होतो, सकाळी शाळेला सुट्टी मागायची असं ठरवून. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आले होते, आणि भूकंप झाला. आमची मागची भिंत आत पडली, आणि आम्ही वाचलो ते पुढच्या खोलीत होतो म्हणून. तुमच्या घराच्या तिन्ही भिंती बसल्या, दगड-मातीचा नुसता ढीग. पण माळवद खाली आलं नाही. ती हातभर जाडीची पांढरी माती, तो सगळा बोजा ह्या चार खांबांवर आणि दोन तुळयांवर तसाच राहिला. तुम्ही पाचजण त्याच्या खालून रांगत बाहेर आलात. आजी तर हातात पितळी तांब्या घेऊन आली होती, आठवतं? किल्लारीकडं किती माणसं गेली ते आपण नंतर ऐकलं. भिंतींच्या जिवावर टेकलेली माळवदं भिंतींबरोबर गेली, खांबांवर उभी होती त्यातली बरीच राहिली. त्यानंतर त्याच्याखाली झोपायची छाती कुणाचीच झाली नाही, तेही खरं. महिन्याभरात तुम्हीच ते उतरवलंत आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलात.

तर त्या चार खांबांतल्या एकाचं नाव मी पुसलं. दुसरा शब्द मला सापडत नाही.

पण थांब, गोष्ट इथं संपत नाही. मिस्त्रींकडून परत आलो आणि तुळया उलट्या केल्या. ज्या भोकात कुसू बसतो त्याच्या शेजारीही खूण असणारच ना? दोन तुळया, चार टोकं. एका टोकाला तीन रेघा, एकाला फुली, एकाला त्रिकोण. आणि चौथ्या टोकाला, माती खरवडल्यावर, अर्धा चंद्र. नखानं कोरल्यासारखा, अगदी नाजूक. म्हणजे माझ्या सोनेरी खांबाची खूण अर्धा चंद्र होती.

आता कामाचं सांगतो. तुळयांना मी हात लावणार नाही, तशाच राहतील. दोन खांबांचा बाक केलाय. मिस्त्रींनी खांब स्वतः लोहचुंबकानं तपासले आणि मगच आपल्या मशीनवर चिरून दिले. अर्धचंद्राच्या खांबाच्या तीन फळ्या बसायला लावल्या, तीन रेघांच्या खांबाचे पाय. रेघा एका पायावर, आतल्या बाजूनं, काजळीसकट ठेवल्यात. तेवढ्या जागेला ना कागद लावला ना पॉलिश. बायको म्हणते, "तेवढंच राहिलंय बघा तुमचं." काय समजावणार?

सांधे कुसू-भोकाचेच केले, स्क्रू एकही नाही. पहिला कुसू मी जाडीच्या पाचव्या हिश्शाएवढा कापला, ठोकताना खाटकन मोडला. तिसरा हिस्सा ठेवायचा असतो, हे मोडल्यावर कळलं. सागाला आतून तेल असतं, त्यावर गोंद धरत नाही. आधी स्पिरिटच्या फडक्यानं पुसायचं, सुकलं की लगेच जोडायचं. एका सांध्याला फट राहिली ती मी भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरली आणि वर तेल लावलं, तर तेवढा ठिपका पांढरट राहिला. गोंद तेल पीत नाही. तू बसशील तिथंच आहे तो, मांडी घातलीस की झाकला जाईल.

फळ्यांच्या मधे एक रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवलीय. ती बघून मला वेडा म्हणू नकोस. हे काम झालं एप्रिल-मेमध्ये, लातूरच्या ४२ अंशांत, लाकूड पार वाळलेलं. मृग लागला की ते रुंदीत फुगतं. लांबीत जवळजवळ काहीच नाही, रुंदीत मात्र फुगतं. साग कमी हलतो, पण हलतो. चिकटवून टाकलं असतं तर पुण्याच्या पावसाळ्यात कुठंतरी तडकलं असतं. आमच्या देवघराचं दार आषाढात लागत नाही आणि चैत्रात आपोआप उघडतं, त्याचं कारण मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

पॉलिशचा विचार बराच केला. चपडा, म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून लावला की आरशासारखी झळाळी येते, पण त्यावर गरम कप ठेवला की पांढरं कडं पडतं, आणि तू चहा बाकावरच ठेवणार. म्हणून जवसाचं तेल लावलं. आपल्याकडं जवसाची चटणी नाही असं घर नाही, आणि त्याच तेलानं लाकूड रंगतं हे मला माहीत नव्हतं! घाण्याचं कच्चं तेल सुकायला मात्र आठवडे घेतं. पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासानं पुसून काढायचा, थांबायचं, परत. घाई केली की चिकट राहतं, मग धूळ, मुंग्या, माश्या, सगळी वस्ती.

आणि एक धोका सांगून ठेवतो, तू कधी करशील तर. तेलाची फडकी बोळा करून मी डब्यात कोंबली होती. दुपारी जळकट वास आला, बघतो तर डबा हाताला पोळतोय. हे तेल सुकताना हवेशी मिसळून स्वतःच तापतं, आणि बोळ्यात ती ऊब अडकली की आपोआप पेट घेतं. शेजारी कडब्याची गंज होती. विचार कर. आता फडकी पाण्यात भिजवतो आणि एकेक करून दगडावर पसरतो.

बाक ४ फूट ७ इंच लांब आहे. तुझ्या गॅलरीची लांबी मोजून कळव. कमी भरली तर गॅलरी वाढव, बाकाचा एक इंचही मी कापणार नाही. आषाढीनंतर टेम्पो पाठवतो.

उरलेले दोन खांब, फुली आणि त्रिकोण, तसेच ठेवलेत. त्यांचं काय करायचं ते तू ठरव.

आता दोन प्रश्न, तुझ्या आईला, काकूंना, विचार. एक, अर्धचंद्राचा खांब घरात कुठं होता? काजळीवरून मी चुलीजवळ म्हणतोय, पण आमच्या आईला वाटतं तो ढाळजेकडचा, दाराजवळच्या बैठकीकडचा, होता आणि काजळी कंदिलाची आहे. दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. मिस्त्री म्हणतात, अर्धा चंद्र परत कोरा, दोन मिनिटांचं काम आहे, मी कोरून देतो. माझा हात होत नाही. मी कोरलेला चंद्र म्हणजे त्या सुताराचा चंद्र नव्हे. पण कोरी फळी बघितली की तेही सोसवत नाही. काकू त्या खांबाला टेकून तुला पाजायच्या असं माझी आई सांगते. म्हणजे त्या म्हणतील तसं. त्यांनी "कोर" म्हटलं तर पटाशी पाजळून ठेवलीय.

तुझाच,
गोठ्यातला सुतार

ता. क. आजीचा पितळी तांब्या अजून आहे का तुमच्याकडं? असेल तर घासू नका.