साडेपाचचं गाणं

कावासाकी,
शुक्रवार, रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आई माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंच बघत बसते आणि बोलायचं राहून जातं, म्हणून कागद घेतला. जेवणाखाण्याचं, थंडीचं रविवारी बोललोच आहोत. लसणाची चटणी अजून आहे. (संपली, पण लगेच पाठवू नका, टपालालाच केवढे पैसे पडतात.)

आई, जपानात लोक काम करून करून मरतात, हे तू परत कुठेतरी वाचलंस. असं होत नाही असं मी म्हणत नाही, पण आमच्याकडे साडेपाचला घरी जाणारी माणसंही आहेत. माझ्या शेजारी बसणारा तर गाणं लावून जातो! हे नीट सांगायला हवं, कारण मला स्वतःला कळायला दोन महिने लागले.

साडेपाचला तो संगणक बंद करतो, कानात इयरफोन घालतो, दाराशी येऊन मोबाईलवर बोट ठेवतो आणि बाहेर पाऊल टाकताना गाणं सुरू करतो. गाणं ठरलेलं, ‘गेट वाइल्ड’, 1987 सालचं. ‘सिटी हंटर’ या कार्टून मालिकेचं ते शेवटचं गाणं. मालिकेत भाग संपत आला की गोष्ट चालू असतानाच मागून हे गाणं हळूच सुरू व्हायचं, मग चित्र थिजायचं आणि नावं यायची. म्हणजे कामगिरी फत्ते, नायक चालला. तोच थाट इथले लोक ऑफिसातून निघताना करतात. दिवसभर नुसत्या एक्सेलच्या रकान्यांशी झटापट केलेली असली तरी स्टेशनकडे नायकासारखं चालायचं. आपल्याकडे भैरवी झाली की मैफल उठते, तसंच समजा. फक्त ही भैरवी एकट्याच्या कानात वाजते. मोठ्याने लावली तर इथे तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मीही करून पाहिलं. लिफ्ट मध्येच चौथ्या मजल्यावर थांबली आणि सगळा नायकपणा तिथेच उतरला.

हे गाणं तेत्सुया कोमुरो यांचं. आमचे विभागप्रमुख पन्नाशीचे आहेत, त्यांच्यापुढे हे नाव काढलं की बाकी विषय संपले. 1990च्या दशकात इथे जे वाजायचं त्यातलं निम्मं याच माणसाने रचलेलं, असं ते म्हणतात. त्यांच्या भक्तीतून थोडं वजा करा. पण एप्रिल 1996मध्ये ओरिकॉनच्या, म्हणजे इथल्या गाण्यांच्या खपाच्या यादीत एका आठवड्याला पहिली पाचही गाणी कोमुरोंची होती, हे खरं आहे. गायक वेगवेगळे, करणारा एकच. पट्टी इतकी वरची की कराओकेत आमचे साहेब यंत्रावर ती चार घरं खाली आणतात आणि तरी मध्येच सूर बदलतो तिथे धापा टाकतात.

बाबा, तुमची हयात तलाठी कचेरीत गेली, म्हणून पुढचं तुमच्यासाठी. एवढा पैसा मिळवलेला हा माणूस 2008 साली फसवणुकीत पकडला गेला. 806 गाण्यांचे हक्क आधीच दुसऱ्यांच्या नावावर गेलेले, तरी ते 100 कोटी येनला विकतो सांगून एका गुंतवणूकदाराकडून 50 कोटी घेतले. एका सातबाऱ्यावर दोन खरेदीखतं! 2009मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली, पण ती पाच वर्षांसाठी स्थगित, त्यामुळे तुरुंग टळला. तेव्हा ‘पैसा जपून वापर’ हे तुमचं वाक्य इथेही लागू आहे. मी जपूनच वापरतो. जुना कोट अजून चालतो आहे.

मागच्या शुक्रवारी कराओकेत ऑफिसातल्या एका बाईंनी कोमुरोंचंच ‘कॅन यू सेलिब्रेट?’ म्हटलं. 1997चं, नामिए आमुरोचं गाणं. इथल्या लग्नांत ते ठरलेलंच. स्वतः आमुरो बाळंतपणासाठी वर्षभर थांबून 1998च्या 31 डिसेंबरला टीव्हीवर परत आली, तेव्हा हेच गाताना रडली होती. आमच्या साहेबांनीही चष्मा काढून पुसला, त्यांच्या मुलीचं लग्न आत्ताच झालं आहे. मग मला विचारलं, “तुझ्या बहिणीचं केव्हा?” मी म्हणालो, फेब्रुवारीत. “किती दिवस जातोस?” चार. ते काही बोलले नाहीत, पुढचं गाणं शोधायला लागले.

तेच लिहायचं होतं, आणि इतका वेळ गाण्यांवर घालवला. मी हळदीच्या संध्याकाळी पोचेन आणि पूजेच्या दुसऱ्या दिवशी निघेन. केळवणं, बस्ता, मांडव, यातलं काही मला जमणार नाही. बाबा, रजा देत नाहीत असं मी फोनवर म्हणालो, ते खरं नाही. मीच चार दिवस मागितली. मार्चअखेरीच्या कामात मी नको तितका अडकलो आहे आणि यंदा बढतीचं बघायचं आहे. पिंकीला मी स्वतः सांगेन, तुम्ही सांगू नका.

पैसे: तीन लाख म्हणालो होतो, दोन पाठवलेत. येन घसरलाय, इथून तेवढेच पाठवले तरी तिकडे कमी पोचतात. उरलेले जानेवारीच्या पगारातून. हॉलवाल्याला तोवर थांबवा, पण काकांकडून उसने घेऊ नका.

सांगलीच्या स्थळाचं फेब्रुवारीत समोरासमोर बोलू. फोटो पाहिला. नाही म्हणत नाही.

आजीला नमस्कार सांगा, तिने विणलेले मोजे रोज घालतो.

तुमचा,
बंटी

ता. क. आई विचारेलच म्हणून: आज साडेपाचला नाही निघालो. आत्ता पावणेबारा वाजलेत. पण उद्या सुट्टी आहे.